पाणी तयार होईपर्यंत

भूपालचा फोन आला तेव्हा मी काचेच्या टाकीसमोर स्टूल टाकून बसलो होतो. टाकीतलं पाणी सकाळपासून पांढरट व्हायला लागलं होतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं, आणि हे त्रिशलाला फोनवर कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. ती माहेरी अकिवाटला गेली होती. गावात पंचकल्याणक पूजा होती आणि माहेरवाशिणींनी यायचंच, असा तिच्या भावाचा, भूपालचा हट्ट होता. जाताना तिनं मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. टाकीवरचा दिवा रोज सकाळी लावा, संध्याकाळी बंद करा. आणि मी येईपर्यंत वाळूला हात लावू नका.

"दाजी, बसलाय का?" भूपालनं विचारलं.

"बसलोय की. तिला दे फोन. पाण्याचं विचारायचंय."

मागं मांडवातला लाऊडस्पीकर ऐकू येत होता. कुणीतरी पुढची पंगत बसवायला सांगत होतं. मग तो म्हणाला, "दाजी, अक्का गेली."

मी म्हणालो, "सकाळी तर बोललो की आम्ही."

सकाळी बोललेलं माणूस त्याच दिवशी जात नसतं, असंच मला वाटलं असावं. भूपालनं सगळं सांगितलं. ती वाढपात होती. दमल्यासारखं झालं म्हणून खांबाला टेकून बसली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत मान पडली. मांडवातच डॉक्टर होते, त्यांनी करायचं ते केलं. तुम्ही तिथंच थांबा, गाडी पाठवलीय, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी उठलो, टाकीवरचा दिवा बंद केला, शर्ट बदलला आणि ओट्यावर जाऊन बसलो.

याला आता बरीच वर्षं झाली.

टाकीची कल्पना तिचीच होती. मोतीबिंदूसाठी आम्ही मिरजेला मुजावर मॅडमकडे जायचो. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसायच्या खोलीत एक मोठी काचेची टाकी होती. आत हिरवीगार झाडं आणि त्यांतून फिरणारे छोटे काळे मासे. त्रिशला त्या टाकीसमोरच्या बाकावर बसली की उठायची नाही. तिचा नंबर पुकारला तर मागच्या पेशंटला म्हणायची, तुम्ही जा पुढं, मला घाई नाही. परत येताना एसटीत त्या झाडांचंच बोलणं. पाण्याखाली झाड जगतं कसं, त्याला वारा नको का, ऊन नको का. मी म्हणायचो, आपण पाण्यात मेथी लावू, म्हणजे धुवायला नको.

आम्ही जैन. आमच्यात मासे पाळत नाहीत. जीव विकत आणायचा आणि काचेत कोंडायचा हे आम्हाला पटत नाही, आणि तिलाही पटत नव्हतं. तिला नुसती झाडं हवी होती. पण एका खेपेला मॅडम म्हणाल्या की दवाखाना बंद करून त्या मुलाकडं हैदराबादला जाणार आहेत, संक्रांतीच्या आधी. टाकी मोडीत काढायची, पण माशांचं काय करायचं कळत नाही. बाकावरच्या कुणीतरी सुचवलं, द्या कृष्णेत सोडून. त्रिशला लगेच म्हणाली, "मी नेते की." मॅडमनी तिला समजावलं की हे असं पिशवीतून नेऊन ओतायचं काम नाही. आधी टाकी करा, झाडं लावा, पाणी मुरू द्या. पाणी तयार झालं की कळवा. त्रिशलानं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, विकत आणले नाहीत, कोंडले नाहीत, घर सुटलेले आहेत ते सांभाळायचे. यात पाप कुठं आहे ते दाखवा. मला दाखवता आलं नाही.

टाकी आमच्या जयसिंगपुरातच बनवून घेतली. तळाला घालायला तिनं माहेरच्या मळीची, नदीकाठच्या रानाची, काळी माती मागवली. त्यावर वाळू, पाच पाण्यांनी धुतलेली. पाणी आमच्या परसातल्या आडाचं. ते तिनं नेहमीसारखं दुहेरी फडक्यातून गाळलं आणि गाळण्यात राहिलेलं परत आडात सोडलं. हे आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पाण्यात जीव असतात, ते दिसोत न दिसोत. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत.

मी आयुष्यभर फिटर. उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात हाताखाली चार माणसं होती. झाडं लावायला मी तिला पत्र्याचा लांब चिमटा करून दिला, टोकं घासून गुळगुळीत केली. तिनं एक झाड त्यानं लावलं आणि चिमटा बाजूला ठेवला.

"का, काय वाईट आहे?" मी विचारलं.

"चिमट्याला कळत नाही किती दाबायचं."

मग पाटावर गुडघे टेकून, बाही खांद्यापर्यंत सारून, तिनं सगळी झाडं हातानं लावली. मी शेजारी तांब्या घेऊन उभा. टाकी निम्मी भरलेली होती. झाडं लावून झाल्यावर वाळू हलू नये म्हणून तिनं आत ताट धरायला लावलं आणि त्या ताटावर बारीक धारेनं उरलेलं पाणी सोडलं. सगळी दुपार त्यात गेली. दुसऱ्या दिवशी ती अकिवाटला गेली.

अकिवाटला तिचं दिवसकार्य आटोपून घरी आलो तेव्हा टाकीत आरपार दिसत नव्हतं. पाहुण्यांतल्या कुणी म्हणालं, हे पाणी फेकून द्या. कुणी म्हणालं, हे घरात ठेवू नये. चंदना, आमची एकुलती मुलगी, बेळगावला फार्मसी कॉलेजात शिकवते. तिचं वेगळंच चाललं होतं. तिनं माझे कपडे बॅगेत भरायला घेतले होते.

मी म्हटलं, मासे यायचेत. तिला काहीच माहीत नव्हतं, म्हणून सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली की शब्द आईनं दिला होता, तुम्ही नाही. मी म्हटलं, ह्या घरातून गेलेला शब्द आहे. बराच वेळ आमची वादावादी झाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मला भात लावायलाही येत नव्हता. शेवटी तिनं एक ठरवून टाकलं. मॅडम जायच्या आत पाणी तयार झालं आणि मासे घरी आले तर तुम्ही इथं राहा, मग तुमच्यामागं काम आहे असं मी समजेन. नाही झालं तर टाकी रिकामी करायची, घराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर यायचं.

"कबूल?" तिनं विचारलं.

"कबूल."

ती गेली आणि मी कामाला लागलो. बिघाड दिसला की दुरुस्त करायचा, एवढंच मला येत होतं. पाणी पांढरं म्हणजे पाण्यात बिघाड. मी निम्मं पाणी काढलं, नवं गाळून घातलं. काढलेलं पाणीसुद्धा गाळत होतो आणि गाळण्यात राहिलेलं परत टाकीत सोडत होतो. पाणी ताटावरूनच, बारीक धारेनं. दुसऱ्या दिवशी परत पांढरं. परत बदललं. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. शेवटी एका बाटलीत ते पाणी घेऊन सांगलीला विनायक कोष्टीच्या दुकानात गेलो. झाडं त्रिशलानं तिथूनच आणली होती. तिचं कळल्यावर त्यानं मला खुर्ची दिली. मग बाटली उजेडात धरून बघितली.

"काका, पाणी रोज बदलताय?"

"पांढरं झालं की बदलतो."

"आणि मग?"

"परत पांढरं होतं."

"होणारच. तुम्ही रोज त्याला पहिलीत बसवताय. जरा वरच्या वर्गात जाऊ द्या की."

त्यानं समजावून सांगितलं की नव्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढायला लागतात, आधी नको तेवढे वाढतात, म्हणून पाणी पांढरं दिसतं. त्यातले कामाचे जीव वाळूत, पानांवर घर करतात आणि पाण्यातलं विष खातात. ते स्थिरावले की पाणी तयार. हे मला एका फटक्यात पटलं. पाण्यात न दिसणारे जीव असतात हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. ते काम करतात, एवढंच माहीत नव्हतं. त्यानं बाटलीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून दाखवले. पाणी हिरवं झालं. हिरवं म्हणजे कच्चं, म्हणाला. पिवळं झालं की मासे आणा.

मी पाणी बदलायचं थांबवलं. हात बांधून बसणं ही माझ्यासाठी अवघड गोष्ट होती. पण पाणी हळूहळू निवळलं आणि मागची भिंत दिसायला लागली. आणि भिंत दिसायला लागली तेव्हा कळलं की झाडं मरताहेत.

पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग त्यांची शेवाळी बुळबुळीत लक्तरं झाली. रोज सकाळी काही पानं वर तरंगत. मी ती काढून परसातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी टाकत असे. चंदनाचा फोन आला की विचारायची, काय म्हणतंय पाणी. मी म्हणायचो, बरं आहे. झाडांचं मी तिला सांगितलं नाही. मला एकच वाटत होतं. त्रिशलानं लावलेली झाडं आहेत, ती माझ्या हातात आल्यावर मरू नयेत.

न राहवून मी एक झाड उपटून बघितलं, मूळ धरलंय का ते. मूळ धरलेलं होतं. पांढरी, बोटभर लांब मुळं होती. मी ते परत लावायला गेलो, पण वाळू घसरली, खड्डा झाला आणि आजूबाजूचं सगळं सपाट झालं. त्या दिवशी मी जेवलो नाही. त्यानंतर मी वाळूला हात लावला नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही.

विनायकनं सांगितलं की ती पानं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, नर्सरीत. ती पाण्यात टिकत नाहीत. जाऊ द्या त्यांना, बुडख्याकडं लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं. दिवाळीच्या सुमारास बुडख्यातून नवी पानं आली. आधीच्या पानांसारखी अजिबात नव्हती. बारीक, पातळ, फिकट हिरवी. त्रिशलानं ती बघितली असती तर हे कुठलं झाड म्हणून विचारलं असतं.

काचेवर तपकिरी धूळ बसली, ती मी फडक्यानं पुसली. विनायककडच्या थेंबांनी पाणी एकदाचं पिवळं झालं. मी मुजावर मॅडमना फोन करायला घेतला आणि त्याच दिवशी वाळूतून बुडबुडे यायला लागले.

मोठे, सावकाश येणारे बुडबुडे. वर येऊन फुटले की सडक्या अंड्यासारखा वास. बाजूच्या काचेतून बघितलं तर वाळूखालची माती जागोजागी काळीठिक्कर पडलेली. विनायकचं जयसिंगपुरात कुणाकडं तरी काम होतं, जाता जाता तो घरी आला. खाली वाकून बघितलं, नाकानं एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, माती कुजायला लागलीय, वारा हवाय तिला. खिशातून एक बारीक सळई काढली, बाही वर केली आणि हात पाण्यात घालणार तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं.

तो हसला. "काका, मी चोर नाही."

"वाळूला हात लावायचा नाही."

"हात नाही, सळईनं टोचायचं फक्त. सगळीकडं. खालचा वायू निघून जाईल."

"नाही."

"मग मासे आणू नका. एखाद्या दिवशी एकदम वायू सुटला तर सगळे उलटे तरंगतील."

त्यानं सळई परत खिशात ठेवली. काकूंनी सांगितलं होतं का हात लावू नका म्हणून, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. ते खरंच होतं. मग त्याचं लक्ष काचेवर गेलं. कोपऱ्यात दोन बारीक टोकदार शंख चिकटले होते. झाडांबरोबर आलेल्या गोगलगायी, म्हणाला. त्यांची पिलावळ झाली की आवरत नाही. त्यानं पिशवीतून औषधाची बाटली काढली. एका दिवसात साफ.

"त्यांचं पाप कुणाच्या माथी?" मी म्हटलं.

"माझ्या माथी घाला. मी मासे विकतो काका, माझं आधीच बरंच साठलंय."

मी बाटली घेतली नाही. मग राहू द्या त्यांना, म्हणाला. एका परीनं बरंच आहे. ह्या जातीच्या गोगलगायी दिवसा वाळूत घुसून असतात आणि रात्रभर वाळू नांगरत फिरतात. तुम्ही हात लावला नाहीत तरी त्या लावतील. त्यांच्या नांगरण्यानं मातीला वारा मिळेल.

त्यानं हे माझ्या भल्यासाठी सांगितलं होतं. तो गेल्यावर मी समोरच्या काचेपाशी जमिनीवर बसलो आणि डाव्या कोपऱ्यापासून वाळू तपासायला लागलो. कोपऱ्यातली वाळू सपाट झाली होती. परवापर्यंत तशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा बंद करताना मी दोडक्याची एक फोड दोऱ्याला बांधून टाकीत सोडली. सकाळी वर काढली तर तिला गोगलगायी लगडलेल्या. त्या मी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवल्या, टाकीचंच पाणी आणि एक पानाची डहाळी घालून. रोज दोडका, रोज गोगलगायी. बरणी भरत गेली. मी मारलं कुणालाच नव्हतं. बुडबुडे मात्र वाढले आणि वास खोलीभर झाला.

त्यातच मुजावर मॅडमचा फोन आला. घराचं सगळं आधी उरकलं होतं, म्हणून त्या ठरल्यापेक्षा लवकर निघणार होत्या. पुढच्या आठवड्यात. मगदूम, नसेल जमत तर मोकळेपणानं सांगा, म्हणाल्या. एका हॉटेलवाल्यानं मासे मागितलेत. मी म्हटलं, तुम्ही निघेपर्यंतचे दिवस द्या. त्यांनी दिले.

रविवारी चंदना आली. तिनं येताना रिकामी बॅग आणली होती, माझ्यासाठी. दारातच तिला वास आला. तिनं स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तिथूनच विचारलं, "अण्णा, ही बरणी कसली?"

"टाकीतल्या गोगलगायी आहेत."

"मग इथं का?"

"त्या वाळू उकरतात."

ती बरणी हातात घेऊन बाहेर आली. आत शंभरेक शंख एकमेकांवर चढलेले. काही काचेवरून वर येऊन झाकणापाशी थांबले होते.

"आई असती तर काय म्हणाली असती?" तिनं विचारलं. "ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात ना?"

तिनं आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही. विनायकशी ती फोनवर बोलली होती. मी सळई घालू देत नाही, औषध घालू देत नाही, हे तिला त्याच्याकडून कळलं होतं, आणि आता गोगलगायीही काढून ठेवतोय हे दिसलं. तिला वाटलं, मला मासे यायलाच नको आहेत. ती म्हणाली, "तुम्हाला बेळगावला यायचं असेल तर सरळ सांगा की. मी आनंदानं नेईन. आईचा शब्द असा कुजवू नका."

"इकडं ये," मी म्हटलं. "खाली बस."

ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. मी तिला डोळा काचेच्या तळाशी, वाळूच्या पातळीवर आणायला सांगितलं. दुपारचं ऊन मागच्या खिडकीतून टाकीत तिरपं येत होतं.

"काय दिसतं?"

"वाळू."

"झाडाच्या बुडाशी बघ. दोन्ही बाजूंनी."

ती बघत राहिली. जवळजवळ प्रत्येक झाडाच्या बुडाशी वाळूत दोन छोटे खळगे होते. एक खोल, एक उथळ. त्रिशला झाड रोवायची आणि दोन बोटांनी दोन्हीकडून दाबायची. तिचं उजवं मधलं बोट पूर्वी पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडून वाकडं झालं होतं, त्याचा दाब कमी पडायचा. खोल खळगा अंगठ्याचा, उथळ त्या बोटाचा. पुढच्या काचेपाशी, जिथं झाडं नव्हती, तिथं तिनं वाळू सारखी करताना सगळी बोटं टेकवली होती. ती ओळही होती. थोडी डावीकडून पुसलेली.

चंदनानं खूप वेळ बघितलं. मग बाहेरून काचेवर, त्या खळग्याच्या समोर, स्वतःचं बोट ठेवलं.

"हे मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

तिनं फोन काढून फोटो घेतले. वाकून, झोपून, सगळीकडून घेतले. मग आम्ही दोघांनी ते बघितले. फोटोत खळगे दिसत नव्हते. नुसती करडी वाळू दिसत होती आणि काचेत आम्ही दोघं.

तिनं फोन उलटा ठेवला. आमचा चहा आत तसाच होता. थोड्या वेळानं ती म्हणाली की तुम्हाला हवं असेल तर आपण टाकी अशीच ठेवू. मासे हॉटेलवाल्याकडं जाऊ देत, त्यांनाही पाणी मिळेल. दिवा लावत राहा. मी बेळगावचं परत काढणार नाही. हे ती मनापासून म्हणत होती. मी हो म्हटलं असतं तर तिनं मला दोष दिला नसता.

मी बरणीकडं बघत होतो. झाकणापाशी आलेल्यांतली एक गोगलगाय खाली पडली आणि परत काचेवरून वर यायला लागली.

त्रिशला त्या मांडवातून परत आली असती तर काय केलं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. पदर खोचून तिनं आधी बरणी रिकामी केली असती. वाळूला हात लावू नका म्हणाली होती ते झाडं रुजावीत म्हणून. झाडं रुजली होती. बोटांचे ठसे तिनं माझ्यासाठी ठेवलेले नव्हते. तिनं झाडं लावली होती, माशांसाठी.

"चमचा आण," मी चंदनाला म्हटलं. "मोठा, डावासारखा."

तिनं आणला. मी स्टुलावर बसून एकेक डाव भरून गोगलगायी टाकीत सोडल्या. त्या तरंगत खाली गेल्या आणि वाळूवर मिटून पडल्या. चंदना काचेपाशी बसली होती. पहिली कुठली हलली ते तिनंच सांगितलं. शंखातून दोन बारीक शिंगं निघाली, मग मऊ पाऊल, आणि ती झाडाच्या बुडाशी गेली आणि टोक खाली घालून वाळूत शिरली. तिच्यामागं वाळूचा छोटा उंचवटा होत गेला. तो अंगठ्याच्या खळग्यातूनच गेला.

"अण्णा, बघायलाच पाहिजे का?" चंदना म्हणाली.

"बघू दे."

संध्याकाळी ती गेली. रिकामी बॅग रिकामीच घेऊन गेली.

पुढचे दिवस मी दुसरं काही केलं नाही. सकाळी उठलो की स्टूल टाकायचं आणि काय राहिलंय ते बघायचं. आधी पुढची ओळ गेली. मग मागच्या लांब पानांच्या झाडांची. रोज सकाळी वाळू थोडी अधिक सारखी झालेली असायची, सारवल्यासारखी. बुडबुडे बारीक झाले, मग थांबले. वास गेला. सगळ्यात शेवटी राहिलं उजव्या कोपऱ्यातलं एक बुटकं झाड, त्याच्या बुडाशी एकच उथळ खळगा. वाकड्या बोटाचा. मी त्याला पुष्कळ वेळ बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो नव्हता.

मी विनायककडून पाणी तपासून घेतलं. पिवळं. मॅडमना फोन करून सांगितलं, पाणी तयार आहे.

मासे मी मिरजेहून दुधाच्या मोठ्या किटलीतून आणले. झाकणाला भोकं पाडली होती. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, दूध तिकडून इकडं कसं काय, लोक इकडून तिकडं नेतात. मी झाकण उघडून दाखवलं. त्यानं आत बघितलं आणि ड्रायव्हरला खड्डे बघून चालवायला सांगितलं.

मॅडमचा दवाखाना रिकामा झाला होता. खुर्च्या गेल्या होत्या, तो एक बाक राहिला होता. मासे किटलीत घेताना मॅडम म्हणाल्या, "त्या इथं बसायच्या." मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं की आजारी होत्या का. मी म्हटलं, नाही, पंगतीत वाढत होती. त्या डोळ्यांच्या डॉक्टर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

घरी आल्यावर किटली टाकीत अर्धी बुडवून ठेवली, पाण्याला पाणी सवयीचं व्हावं म्हणून. मग आडवी केली. काळे मासे बाहेर आले, एका ठिकाणी घोळका करून थांबले, आणि नंतर एकेक करत नव्या पानांत शिरले. त्यांतला एक वाळूपाशी गेला, तोंडानं टोचलं, थोडी वाळू उडाली. मी चंदनाला फोन लावला आणि सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं.

मासे तेव्हापासून आहेत. म्हणजे ते नाहीत, त्यांची पिलं, आणि पिलांची पिलं. उकडलेला पालक आणि काचेवरचं शेवाळ खातात. विनायक अधूनमधून येतो, पाणी बघतो. तो म्हणतो, काका, झाडं फार दाट झालीत, खालपर्यंत उजेड पोचत नाही. मधली उपटून विरळ करा आणि काढलेली पुढच्या मोकळ्या वाळूत लावा. त्याचं बरोबर आहे. दर वर्षी पावसाळा संपला की मी ते करायचं ठरवतो. ते काम अजून राहिलंय.